उतारवाले अण्णा

एखाद्या पुलाचा चढ सोडला तर कोपरगावात सायकलवरून खाली उतरावं लागेल असा रस्ता नाही. गोदावरीनं वर्षानुवर्षं माती आणून ओतली आणि सगळा मुलूख सारवून ठेवला. नजर जाईल तिथवर ऊस, उसामागं पुन्हा ऊस, त्यामागं कारखान्याची चिमणी. अशा गावात जन्म काढून एखाद्यानं उताराचा ध्यास घ्यावा, हे नियतीचं काहीतरी चुकलेलंच. आमच्या अण्णांनी तो घेतलाय.

अण्णा कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. पाटावरच्या प्रत्येक गावात असा एक असामी असतोच. नोकरी सुटते, पाट सुटत नाही. पाण्याचं आवर्तन सुटल्याची बातमी पेपरच्या आधी त्याच्याकडं असते, आणि किती क्यूसेकनं सुटलं या बाबतीत तो पेपरवर विश्वास ठेवत नाही. अण्णा स्वतः पाटावर जातात, पाण्यात काडी टाकतात, दोन खुणांमधलं अंतर काडी किती वेळात कापते ते घड्याळात बघतात आणि टपरीवर येऊन निकाल देतात. "पेपरवाला वरच्या गेजचं सांगतो. हितं येईस्तोवर त्यातलं किती मुरलं, ते कोण सांगणार?"

त्यांच्या वयाची माणसं हातात काठी धरतात. अण्णा दहा एमएमची सळई धरतात, एका टोकाला मूठ वळवून घेतलेली. चालता चालता ती कुठंही जमिनीत खुपसायची, किती गेली ते अंगठ्यानं धरायचं आणि पुढं निघायचं. ओल असेल तिथवर सळई मुकाट जाते, कोरड लागली की अडते. एवढंच शास्त्र, पण अण्णांनी ते देवळाचं अंगण, शाळेचं मैदान आणि लग्नाचे मांडव इथंही चालवलं. एका मांडवात त्यांनी मुहूर्ताच्या आधी तासभर सळई खुपसली आणि जाहीर केलं, "दीड फुटावर पाणी आहे. स्टेज कलंडणार." मांडववाल्यानं हात जोडून त्यांना बाहेर काढलं. स्टेज कलंडलं नाही. पण जेवणाच्या बाजूला वरमाईची चप्पल जी रुतली ती दुसऱ्या दिवशी फावड्यानं काढावी लागली. त्या दिवसापासून मांडववाला अण्णांना आधी बोलावतो आणि मग खांब रोवतो.

वास्तुशांतीला लोक स्टीलचा डबा घेऊन जातात. अण्णा खिशात गोटी घेऊन जातात. यजमानाच्या पाया पडून झालं की गोटी फरशीवर सोडायची आणि हात मागं बांधून बघत राहायचं. एका नव्या बंगल्यात ती मोरीच्या दारातून निघाली आणि थेट देवघराच्या उंबऱ्याला जाऊन टेकली. अण्णा काही बोलले नाहीत. नुसतं मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्री आता अण्णांच्या गल्लीतलं काम घेत नाही.

इतिहासही त्यांना उतारानंच कळतो. राघोबादादा अटकेपार गेले आणि शेवटी 1783 साली कोपरगावला येऊन वारले, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. टपरीवर कुणीतरी म्हणालं, केवढी ही उतरण! नातवानं मोबाईलमध्ये बघितलं तर अटक समुद्रसपाटीपासून कोपरगावपेक्षा खालीच निघालं. अण्णांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद. "म्हणजे दादासाहेब चढून आले. उगाच बदनामी करता माणसाची!" खालच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचा विषय निघाला की मात्र ते गंभीर होतात. पाणी उतारानं जातं हे शाळेत शिकवतात, आणि 2005 सालच्या कायद्यापासून ते समन्यायानंही जातं, एवढं बोलून ते चहा संपवतात. दुसऱ्या कुणी हा विषय वाढवला तर उठून जातात.

कालवा म्हणजे उताराचं बारीक काम. मोठ्या कालव्याचा तळ मैलभरात फूट-दोन फूट उतरतो, जास्त नाही. जास्त उतरला तर पाणी काठ खातं, कमी उतरला तर गाळ बसतो. इंग्रजांच्या काळात नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावे-उजवे कालवे निघाले, वर दारणा धरण 1916 साली झालं, आणि आमच्या आजे-पणज्यांच्या काळ्या रानात पाटाचं पाणी आलं. ज्या माणसानं नोकरीभर मैलाला फुटाचा हिशेब सांभाळला, त्याला फरशीवरचा सुताइतका कल खुपणारच. मला त्यात नवल वाटत नाही. नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं.

मुलीला अकोले तालुक्यातलं स्थळ आलं. कळसूबाईचा तालुका तो, 1646 मीटरचं राज्यातलं सगळ्यात उंच शिखर तिथलं. आपल्याच जिल्ह्यातला, पण कोपरगावातून जाणाऱ्याला परदेश. तालुक्याच्या पश्चिम टोकाला पाऊस हजारो मिलीमीटरमध्ये मोजतात, आमच्याकडं पाचशेला पोचला तर पेढे वाटतात. स्थळ पूर्वेच्या बाजूचं, बेताच्या पावसाचं. घर डोंगराच्या पायथ्याशी आणि जमीन पायथ्यापासून वर चढत गेलेली. मुलाच्या वडिलांनी 1990 नंतर रोजगार हमीतली फळबाग योजना आली तेव्हा आंब्याची काही कलमं लावलेली. त्या योजनेनं कोकणात डोंगरच्या डोंगर आंबा-काजूखाली आले. इथं डोंगराच्या एका कडेला ओळभर झाडं उभी राहिली, एवढंच.

घर बघायला मंडळी गेली. बाकीचे ओसरीवर बसले, अण्णा परस्पर बांधाकडं. पोहे आले तरी अण्णा नाहीत. आले तेव्हा रुमालात मातीची दोन ढेकळं. एक ढेकूळ त्यांनी पोह्यांच्या बशीच्या कडेला ठेवलं, लिंबाची फोड उचलली आणि पोह्यांवर पिळायची ती ढेकळावर पिळली. बारीक फेस आला.

"चुनखडी आहे," अण्णा म्हणाले.

यजमानांना वाटलं, पोह्यांबद्दल बोलतायत. "दुसरी बशी आणू का?" त्यांनी घाईनं विचारलं.

दुसऱ्या ढेकळावर लिंबू पिळलं तर काहीच झालं नाही. मग अण्णांनी दोन्ही मातींना पाण्याचा हात लावला, अंगठा आणि बोटात धरून पुढं पुढं दाबत नेलं. खालच्या रानातल्या मातीची बोटभर लांब पट्टी निघाली. वरच्या रानातली माती जागीच चुरा होऊन पडली, सतरंजीवर. एवढं झाल्यावर त्यांनी मुलाकडं पहिल्यांदा बघितलं आणि विचारलं, "निचरा कसा आहे?"

"चांगला आहे," मुलगा खाली मान घालून म्हणाला. मध्यस्थाला वाटलं, पोराच्या पोटाची चौकशी चाललीय. त्यानं मध्येच तोंड घालून सांगितलं, "अहो, लहानपणापासून एक गोळी माहीत नाही त्याला!"

घरी आल्यावर अण्णांच्या पत्नीनं, नानींनी, विचारलं, "कसं काय वाटलं तुम्हाला?"

"आठ टक्के उतार आहे. पोरगी बुडायची नाही."

"अहो, पोरगा कसा आहे?"

"पोरगा?" अण्णांनी जरा आठवलं. "होता ना तिथंच."

लग्न झालं, जावई गुणी निघाला. शिकलेला, कष्टाळू आणि सासऱ्याला 'मामा' म्हणताना खरोखर मान देणारा. त्यानं तीन एकर उतारावर केशर आंबा लावला, पायथ्याच्या विहिरीवर मोटार बसवली, ठिबक केलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात माती तपासून आणली. अहवालात जमीन 'मध्यम' निघाली. सगळं पुस्तकाप्रमाणं. आणि दोन-तीन वर्षांत त्याचा फोन आला, "मामा, खालची झाडं पिवळी पडलीत. पाणी वाढवलं, तरी पिवळीच. वरची तर पानं गुंडाळून बसलीत."

अण्णा दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं निघाले. पिशवीत सळई मावत नव्हती म्हणून ती हातात, आणि पिशवीत नानींनी संक्रांतीच्या वाणासाठी आणलेल्या स्टीलच्या वाट्या. न विचारता घेतलेल्या.

वाट्यांचं काम सोपं होतं. मोटार चालू केली, सगळ्यात वरच्या झाडाच्या ड्रिपरखाली एक वाटी ठेवली, मधे एक, तळाशी एक. दोन मिनिटांनी वरची वाटी अर्ध्याच्या पुढं भरली होती, तळाची काठोकाठ भरून वाहत होती. जावयानं नळ्या डोंगराला उभ्या अंथरल्या होत्या, वरून थेट खाली, कारण तशा सांधे कमी लागतात. वरच्या टोकापासून तळापर्यंत उंचीचा फरक पंधरा मीटर. खाली उतरताना दर दहा मीटरला पाण्याचा दाब एक किलोनं वाढतो. वर एक किलो असेल तर तळाला अडीच. साधा ड्रिपर वर ताशी चार लिटर देत असेल तर तळाला सव्वासहाच्या पुढं जातो. त्यात मोटार बंद केली की नळ्यांत उरलेलं सगळं पाणी उतारानं खाली येऊन तळाच्या झाडांना आणखी अर्धा तास ठिबकत राहायचं. तेवढ्या वेळात वरचे ड्रिपर उलटी हवा ओढायचे, हवेबरोबर चिखलाची माती, आणि त्यातले निम्मे बुजलेले. डोंगराच्या माथ्यावर हवा घ्यायला एक व्हॉल्व लागतो, तो नव्हता.

"म्हणजे खालच्यांना जास्त जातंय," जावई म्हणाला. "पण मग ती पिवळी का?"

इथं अण्णांनी धोतर सावरलं आणि खाली बसले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारावा म्हणून ते कोपरगावात आयुष्यभर थांबले होते.

इकडच्या सह्याद्रीचा सगळा दगड एकच, काळा पाषाण. पण त्याच दगडाची माती माथ्यावर तांबूस, मुरमाड आणि वीतभर असते, पायथ्याला काळीभोर आणि पुरुषभर खोल. पाऊस बारीक चिकणमाती आणि चुना धुऊन खाली नेतो, खडे वर राहतात. मुरमाला पाणी दिलं की ते गेलंच, बाटलीत ओतल्यागत उभं राहत नाही. काळी आधी भेगांतून गटागट पिते, मग फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर तासाला चार-पाच मिलीमीटरसुद्धा आत घेत नाही. अशा मातीला रोज पाणी दिलं तर मुळांना हवा मिळत नाही. त्यात चुनखडी. माती ओलीकच्च राहिली की चुन्यामुळं झाडाला लोह उचलता येत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जावई पिवळेपणा बघून पाणी वाढवत होता, आणि पाणी वाढलं की पिवळेपणा.

हे अण्णांनी त्याला पतसंस्थेच्या भाषेत सांगितलं, कारण आमच्याकडं दुसरी कुठली भाषा पटकन कळत नाही. प्रत्येक झाडाचं मातीत एक खातं असतं. चांगल्या काळ्या मातीच्या मीटरभर थरात झाडाला उचलता येईल असं 200 मिलीमीटरच्या आसपास पाणी मावतं. मुरमाड मातीत मीटरला सत्तर मावलं तर खूप, आणि इथं थरच फूटभर. म्हणजे तळाच्या झाडाचं खातं दोनशेचं आणि वरच्याचं वीसचं. उन्हाळ्यात रोजचा खर्च पाच मिलीमीटर धरला आणि निम्मं खातं नेहमी शिल्लक ठेवायचं म्हटलं, तर वरच्या झाडाला दर दोन दिवसांनी भरणा करावा लागतो. तळाच्याला वीस दिवस तोंड दाखवलं नाही तरी चालतं. "आणि तुम्ही काय करता जावईबापू? गरिबाच्या खात्यात चार टाकता, सावकाराच्या खात्यात सहा. तेही रोज!"

जावयानं अहवालाचा कागद पुढं केला. "पण मामा, ह्यात तर मध्यम जमीन म्हटलंय."

"नमुना कुठून घेतला?"

"सगळ्या रानातून थोडी थोडी. एकत्र कालवून अर्धा किलो."

अण्णा बराच वेळ त्या कागदाकडं बघत होते. अहवालात खोट नव्हती. वर मुरूम, खाली चिकण, दोन्ही कालवल्यावर मध्यमच होणार. ज्या जमिनीचा अहवाल आला ती जमीन त्या डोंगरावर कुठंच नव्हती. पुढच्या खेपेला त्यांनी वर, मध्ये आणि खाली असे तीन खड्डे घेतले, प्रत्येकातली फुटाफुटाची माती वेगळी भरली आणि पिशव्यांवर खुणा केल्या. पिशव्या पुन्हा नानींच्याच, कडधान्याच्या.

मग दुरुस्ती. नळ्या उभ्या काढून आडव्या घ्यायच्या, म्हणजे प्रत्येक नळी तिच्यापुरती एकाच उंचीवर राहील. बागेचे तीन भाग आणि तीन व्हॉल्व. माथ्याला हवेचा व्हॉल्व. दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे पीसी ड्रिपर. हे सगळं जावयानं मुकाट ऐकलं. पण आडवी रेघ नेमकी कुठून जाते, हे डोंगरावर नजरेनं कळत नाही. डोळा हमखास फसतो. त्यासाठी अण्णांनी तीन बांबू मागवले, इंग्रजी 'ए'च्या आकारात बांधले, मधोमध दोरीला दगड लटकवून ओळंबा केला, आणि एक पाय रोवून दुसरा फिरवत, ओळंबा खुणेवर आला की फक्की टाकत डोंगर आडवा चालायला सुरुवात केली. मागं गावची पोरं, पोरांमागं कुत्री.

वाटेत भाताच्या खाचराच्या बांधावर एक म्हातारा बसला होता. त्यानं हा तमाशा शांतपणे बघितला आणि विचारलं, "पाव्हणं, हे कशाला?"

"समपातळी काढतोय."

"आमी तर पान्यालाच इचारतो," म्हातारा म्हणाला. "पयला पाऊस पडला का खाचरात पानी कुठं पातळ, कुठं जाड, ते बघायचं आन् माती हिकडची तिकडं करायची. पानी खोटं बोलत न्हाई."

अण्णांनी बांबू खाली ठेवला. टोपी काढली. त्या दुपारचं पुढचं काम झालं नाही. दोघंही बांधावर बसून चहा पीत राहिले, आणि मुलीनं जेवायला बोलावणं धाडलं तरी उठले नाहीत. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी आपल्यापेक्षा उतार कळणारं भेटलं होतं. कोपरगावात आल्यावर त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मला मुलीकडून कळली.

झाडांच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती आळी घातली, टोकं वर वळवलेली, म्हणजे वरून वाहून येणारं पावसाचं पाणी आणि माती झाडापाशीच अडेल. दोन ओळींमध्ये समपातळीत चर खणले. राहिली वरच्या मुरमाची गोष्ट. तिथं पाणी टिकायचं तर सेंद्रिय काहीतरी हवं, वर आच्छादन हवं. अण्णांना कोपरगाव आठवलं. ऊस तुटला की आमच्याकडं पाचट पेटवतात, रात्री आभाळ तांबडं होतं. अण्णांनी तीन शेतकऱ्यांच्या हातापाया पडून काडी लावायचं थांबवलं, पाचट टेम्पोत भरलं, वर कारखान्याची मळी टाकली आणि सव्वाशे वळणं घेत टेम्पो डोंगरावर नेला. टेम्पोवाला अजून टपरीवर सांगतो, "कांदा नेला, टमाटा नेला. कचरा भाड्यानं डोंगरावर नेणारं गिऱ्हाईक एकच."

खालची झाडं हळूहळू हिरवी झाली. दोन गेली, ती गेलीच. वरच्या झाडांचा आंबा अजूनही आकारानं लहान राहतो. अण्णा म्हणतात, गोडी जास्त आहे. खाणाऱ्यांत एकमत नाही. नातवानं एकदा कॅलिफोर्नियातल्या डोंगरावरच्या अव्होकाडोच्या बागा मोबाईलवर दाखवल्या. तिथंही आडव्या नळ्या, तिथंही दाब सांभाळणारी तोटी. अण्णांनी मोबाईल डोळ्याजवळ धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला आणि म्हणाले, "मधला व्हॉल्व दिसंना. विचार त्यांना."

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, अण्णांचं स्वतःचं दोन एकर रान म्हणजे कृषी प्रदर्शनच असणार. तर नाही. चारीच्या कडेला ऊस, पलीकडं पेरूची पाच-पन्नास झाडं, आणि सखल कोपऱ्यात पांढरी पडलेली पट्टी. तिथं हरळीसुद्धा नीट येत नाही. पाणी वाजवीपेक्षा जास्त दिलं आणि निचरा नसला की खालची पाण्याची पातळी वर येते, क्षार घेऊन येते, पाणी उडून जातं, क्षार राहतात. पुढं जमीन चोपण होते. ओली असताना पाय घसरतो, वाळली की कुदळ उडते. 1932 साली नीरेकाठी पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं, तिथल्या संशोधकांनी दख्खनच्या कालव्याखालच्या जमिनी खड्डे खणून तपासल्या, त्यांचे प्रकार लावले. कुठल्या मातीत पाटाचं पाणी जपून द्यायचं, हे आम्हाला तेव्हापासून माहीत आहे. आम्ही मान डोलावली आणि दारं मोडली.

अण्णांनीही मोडली. तालुक्यात मातीचं आणि पाण्याचं सगळ्यात जास्त कळणारा माणूस आवर्तन सुटलं की रात्री चारीवर गोधडी टाकून झोपतो. पाणी मागणीचा 7 नंबरचा अर्ज सगळ्यात आधी त्यांचा. पाळी आली की ऊस गुडघाभर भरल्याशिवाय दारं सोडत नाहीत. नानी सांगून थकल्या. "लोकाला शिकवता आणि आपल्या घरात तळं करता," असं त्या म्हणतात, आणि अण्णा ऐकू कमी येतं असं दाखवतात. निळवंड्याच्या कालव्यावर तर फजितीच झाली. धरण 1970 साली मंजूर झालेलं. 26 ऑक्टोबर 2023 ला पंतप्रधानांनी डाव्या कालव्याचं लोकार्पण केलं. रांजणगाव देशमुखकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांपुढं अण्णांनी भाषण केलं की नवं पाणी आलंय, आता बेतानं द्या, नाहीतर तुमचीही जमीन आमच्यासारखी चोपण होईल. एक जण उठून म्हणाला, "अण्णा, पन्नास वर्षं जेवायला बसवून ठेवलं, आता ताट आलं तर म्हणता डाएट करा?" टाळ्या त्याला पडल्या.

परवाच्या आवर्तनात मी त्यांच्या रानात होतो. रात्रीचे साडेअकरा. अण्णा धोतराचा काचा मारून पिंढरीभर पाण्यात, गड्याच्या हातात फावडं, बॅटरीचा झोत उसात. नेमका जावयाचा फोन आला. स्पीकरवर.

"मामा, झोपला नव्हता ना? उद्या खालच्या भागाला पाणी देऊ का? पंधरा दिवस झाले."

"सळई घातली का?"

"घातली. सव्वा फूट गेली."

"मंग कशाला देता? आणखी पाच दिवस थांबा. एक थेंब जास्त गेला तर मुळं गुदमरतील, किती वेळा सांगितलं?" मग गड्याकडं वळून, हातानं फोन झाकायचं विसरून, "ए, दारं मोडू नको इतक्यात! भरू दे, अजून वरंबा दिसतोय!"

फोनमध्ये थोडा वेळ काही आवाज नाही. मग जावई हळूच म्हणाला, "मामा, तिकडं किती देताय?"

"तुमच्या हातात व्हॉल्व आहे, जावईबापू," अण्णा म्हणाले. "पाच दिवसांनी लागलं तर पाच दिवसांनी सोडाल. माझ्या हातात काय आहे? फावडं. पुढची पाळी तीन आठवड्यांनी येईल का पाच, ते मला कुणी सांगितलंय? उद्या मला कुणी तारीख लिहून दिली ना, तर मी ह्या उसाला वाटीनं पाणी घालीन."

"कुठल्या वाटीनं?" बांधावरून नानींचा आवाज आला. त्या डबा घेऊन कधी आल्या, कुणालाच कळलं नव्हतं.

अण्णांनी फोन बंद केला आणि बॅटरीचा झोत पुढच्या सरीवर टाकला. "घे रे आता तिकडं," ते गड्याला म्हणाले. "आणि बांध धर नीट. नानींकडं पाणी जाऊ देऊ नको."